फोंड्यातल्या हॉस्पिटलच्या दारावर एनएबीएचची पाटी आहे. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तिला काही अर्थ आहे का?

आहे, पण ती पाटी सर्जनच्या हाताची हमी नव्हे. एनएबीएच हे भारतीय गुणवत्ता परिषदेचं, हॉस्पिटलांना मान्यता देणारं मंडळ. त्याचे तपासनीस हॉस्पिटलची कामाची पद्धत पाहतात: औषध देण्याआधी रुग्णाची ओळख दोन खुणांनी (जसं नाव आणि नोंदणी क्रमांक) पटवतात का, जंतुसंसर्गाच्या नोंदी ठेवतात का, चूक झाली तर ती लपवतात की लिहून कारण शोधतात. मला विचाराल तर शेवटचंच सगळ्यांत मोलाचं.

गुडघ्याच्या बाबतीत नेमकी भीती म्हणजे डावा की उजवा! त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची 19 मुद्द्यांची यादी आहे. भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि रुग्ण थिएटरबाहेर जाण्याआधी, अशा तीन टप्प्यांत वाचायची. आईच्या पायावर आदल्या दिवशी किंवा त्या सकाळी पेनाने खूण केली का, हे तुम्हीच बघा. विचारायला लाजू नका.

पाटीवरची मुदत तपासा; मान्यता कायमची नसते. 'एंट्री लेव्हल' लिहिलं असेल तर ती पहिली पायरी, पूर्ण मान्यता नव्हे. रक्ततपासणीच्या लॅबसाठी एनएबीएल नावाची वेगळी मान्यता असते. आणि पाटी नाही म्हणून बांबोळीच्या जीएमसीला (गोवा मेडिकल कॉलेजला) किंवा कुठल्याही सरकारी इस्पितळाला नावं ठेवू नका. सरकारी इस्पितळांसाठी एनक्यूएएस नावाची निराळी मानकं आहेत.