घरच्या भट्टीत केलेल्या काचेच्या ताटल्यांत जेवलं तर चालतं का?

प्रश्न असा आहे की प्रदर्शनातून घेतलेल्या, हाताने केलेल्या रंगीत काचेच्या ताटल्या रोज जेवायला वापरल्या तर चालतील का. काच चालते हो, तिच्यावर काय फासलंय ते आधी बघा. उत्तर एवढ्यावर संपलं असतं, पण या विषयावरून आमच्या घरात रामायण झालंय म्हणून लिहिते.

मी पुण्यात घरीच छोटी इलेक्ट्रिक भट्टी ठेवून हे काम करते. काचवाल्याकडून ४ एमएम फ्लोटचे (म्हणजे खिडकीच्या साध्या काचेचे) तुकडे आणायचे, दोन थर एकावर एक ठेवून ८२० डिग्रीच्या आसपास न्यायचे की ते वितळून एकजीव होतात, मग साच्यावर ठेवून परत तापवून खोलगट करायचं. सुरुवातीला मला झेंडूसारखा केशरी हवा होता. तो दोन काचांच्या मध्ये घातला की ८२० ला जळून तपकिरी व्हायचा, म्हणून मी शहाणपणा केला, तयार ताटलीवर वरून लावला आणि ६०० ला भाजला. इतका सुंदर चमकला की सहाचा सेट करून नणंदेला वास्तुशांतीला दिला. पुडी सुटी आणलेली, तिच्यावर नंबर सोडून काहीही लिहिलेलं नव्हतं आणि मीही विचारलं नाही.

गौरी जेवल्या त्या रात्री त्यांच्याकडे लिंबाच्या लोणच्याची फोड एका ताटलीत तशीच राहिली. सकाळी मी घासायला घेतली तर फोडीखालचा केशरी पांढुरका पडलेला, बोट फिरवलं तर खरखरीत. पोटात गोळाच आला. घरी उरलेली तसलीच एक ताटली अर्धी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये २४ तास उभी ठेवली (लॅबमध्येही ४ टक्के ॲसिटिक ॲसिड आणि २४ तासच असतात, बाजारचं व्हिनेगर साधारण तेवढंच). बुडालेला अर्धा भाग मेला, वरचा चकचकीत. मग पैसे भरून लॅबमध्ये दिली, रिपोर्टात लेड, म्हणजे शिसं आलं. कमी तापमानाला वितळून चमकणाऱ्या रंगात ते बऱ्याचदा याचसाठी घालतात, आणि लाल-केशरी-पिवळ्यात कॅडमियमही असू शकतं.

मी ताटल्या परत मागितल्या. वन्सं म्हणाल्या, "अगं काच आहे ती, काचेला काय धाड भरलीय? दिलेली वस्तू परत मागतात का कुणी?" आता याच बाई कल्हई गेलेल्या पितळेत ताक ठेवलं तर कळकेल म्हणून सुनेला ओरडतात. आंबटाने धातू सुटतो, हे त्यांना पितळेचं पटतं, रंगाचं पटत नाही, कारण ते मी सांगितलंय.

तर तुम्ही "फूड सेफ आहे का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात, मीही म्हणाले असते. रंग वर आहे की दोन काचांच्या मध्ये, हे विचारा. मध्ये असेल आणि वरची काच सलग असेल तर मी स्वतः जेवीन. वर असेल, सोनेरी काठ असेल, इंद्रधनुषी चकाकी असेल तर रिपोर्ट मागा, आणि कारागीर चिडला तर घेऊ नका. आणि हो, आमटी गरम करायला मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, हे बोरोसिल नव्हे, साधी काच तिच्या जवळजवळ तिप्पट प्रसरते. करताना भट्टीत ५५० डिग्रीच्या आसपास थांबवून सावकाश थंड केली नसेल तर नुसत्या ओट्यावरही तडकते.

एक राहिलं, व्हिनेगरमध्ये रंग उडाला तर ताटली बाद, पण नाही उडाला म्हणजे पास असं नाही, तेवढं लॅबच सांगू शकते. एकदा जेवलात म्हणून घाबरू नका, पण लेड शरीरात साठत जातं, घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर शंकेची ताटली शोकेसमध्येच बरी.

माझ्या पाच परत आल्या. सहावी फुटली म्हणे. यंदा संक्रांतीला फॅमिली ग्रुपवर वन्संनी तिळाच्या वड्यांचा फोटो टाकला, खालचा केशरी मी लगेच ओळखला. वड्या कोरड्या असतात म्हणून नुसता अंगठा दिला.