फिटच्या गोळीने लिव्हर आणि स्वादुपिंड खरंच बिघडतं का?

तुमच्या भावाला दोन महिन्यांपासून सोडियम व्हॅल्प्रोएट सुरू आहे, पाकिटातल्या कागदावर लिव्हर आणि स्वादुपिंडाचा इशारा वाचलात, आणि गोळी बंद करू का असं विचारताय. मनाने बंद करू नका. अचानक थांबवली तर फिट एकामागून एक येऊ शकतात. कागदावरचं दुखणं क्वचित कुणाला होतं, गोळी अचानक थांबवल्यावर फिट येणं मात्र कुणालाही होऊ शकतं.

मी डॉक्टर नाही. पण त्या क्वचितांतली एक मी. चार वर्षं गोळी सुखाने चालली होती, फिट बंद होत्या. एका रात्री बेंबीच्या वर कळ सुरू झाली, थेट पाठीत निघायची. उताणं पडवेना, पुढे वाकून गुडघे पोटाशी धरले की जरा बरं. घरात एकमताने ठरलं, पित्त! दोन दिवस मीही पित्ताच्या गोळ्या गिळत बसले (शहाणपणाच तो). पाण्याचा घोटसुद्धा उलटायला लागला तेव्हा दवाखाना गाठला. लायपेज (स्वादुपिंड सुजलं की रक्तात वाढतं ते) भरमसाट वाढलेलं, एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी) जवळजवळ नॉर्मल. पित्ताशयात खडे नाहीत, दारू नाही, म्हणून संशय गोळीवर गेला. डॉक्टरांनी ती थांबवून दुसरं औषध सुरू केलं. स्वादुपिंडाची ही सूज कित्येक वर्षांनीही येऊ शकते, हे मला तेव्हा कळलं.

लिव्हरची गंभीर इजा झालीच तर बहुधा पहिल्या 6 महिन्यांत होते. 2 वर्षांखालची मुलं, फिटची अनेक औषधं एकदम घेणारे आणि मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीतला ऊर्जा तयार करणारा भाग) जन्मजात आजार असलेले यांना धोका जास्त. एसजीपीटी (लिव्हरच्या तपासणीतला एक आकडा) थोडं वाढलं म्हणून लगेच घाबरू नका, पुष्कळांचं वाढतं, डॉक्टर डोस बघतात. पण रिपोर्ट चांगला आला म्हणून निर्धास्तही राहू नका. अन्नावरची वासना उडाली, उलट्या होतायत, अंगात त्राण नाही, चेहरा सुजलाय, डोळे पिवळे दिसतायत, किंवा आटोक्यातल्या फिट परत सुरू झाल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. भाऊ नुसता पेंगतोय, असंबद्ध बोलतोय असं वाटलं तर रक्तातल्या अमोनियाची (हा वाढला की अशी गुंगी येते) तपासणी करायची का तेही विचारा. लिव्हरचे आकडे ठीक असतानाही तो वाढू शकतो.

आणि पोट दुखतंय म्हणून कुठल्याही दवाखान्यात गेलात तर आधी 'व्हॅल्प्रोएट चालू आहे' हे सांगा. मी तिसऱ्या दिवशी सांगितलं, तेही नर्सने विचारलं म्हणून.