वाचकांचे प्रश्न : पावसाळी वेळापत्रक आणि डोंगराची माती

प्रश्न : कामानिमित्त माझे ठाणे ते सावंतवाडी येणेजाणे वर्षभर कोकण रेल्वेने होते. पावसाळी वेळापत्रक लागले की तीच गाडी बऱ्याच उशिराने पोहोचते. रूळ तेच, इंजिन तेच. मग वेग का उतरवतात? आणि २०२५ प्रमाणे पाऊस मे महिन्यातच आला, तर जूनच्या मध्यावर लागणाऱ्या या वेळापत्रकाचा उपयोग काय?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : वेग उतरवतात तो रुळांच्या नव्हे, रुळांलगतच्या डोंगराच्या भीतीने. रोहा ते ठोकूर हा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग जागोजागी डोंगर कापून नेलेला आहे. दक्षिण कोकणात अशा कटिंगमध्ये बहुधा वर सच्छिद्र जांभा आणि खाली चिकणमाती आढळते. पाणी जांभ्यातून झिरपते, चिकण थरावर अडते आणि तो थर बुळबुळीत झाला की भिजून जड झालेली वरची माती त्यावरून घसरते. कधी उतार जागेवरच राहतो, पण एखादा धोंडा ज्या मातीत रुतून बसलेला असतो तीच धुऊन जाते. वैभववाडीजवळ २२ जून २००३ च्या रात्री कटिंगमधून रुळांवर आलेल्या दगडमातीवर हॉलिडे स्पेशल आदळली आणि पन्नासहून अधिक प्रवासी दगावले. पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस दरडीतल्या धोंड्यांमुळेच घसरली. वळणावर, धो धो पावसात, चालकाला पुढचे थोडेच दिसते. वेग निम्मा केला की ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला लागणारे अंतर साधारण चौथाईवर येते. उशिराच्या बदल्यात प्रवाशाला मिळते ते हे अंतर, आणि सौदा मला तरी महाग वाटत नाही.

त्या अपघातांनंतर उतार कमी उभे करणे, धोंडे अडवणाऱ्या जाळ्या बसवणे, गस्त वाढवणे, स्थानकांवर पर्जन्यमापक लावणे अशी कामे झाली आणि त्यांचा गुण आला. तरीही १४ जुलै २०२४ रोजी दिवाणखवटी बोगद्याच्या तोंडाशी माती रुळांवर आली आणि वाहतूक जवळपास एक दिवस बंद राहिली.

आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग अधिक अवघड आहे, कारण पाऊस केव्हा येतो याइतकेच तो किती जोराने कोसळतो हेही पाहावे लागते. हवेचे तापमान एक अंशाने वाढले की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. त्यामुळे हंगामाची एकूण सरासरी फारशी न बदलताही तोच पाऊस थोड्या तासांत कोसळू शकतो. कटिंगच्या माथ्यावरचे चर आणि रुळांखालच्या मोऱ्या या ताशी माऱ्यावरच तुंबतात. वर्षभराच्या बेरजेशी त्यांना कर्तव्य नसते. शिवाय अशी सर एका खोऱ्यात कोसळते आणि शेजारच्या स्थानकावरचा पर्जन्यमापक जेमतेम ओला होतो, म्हणून मापके स्थानकांपुरती न ठेवता धोक्याच्या कटिंगजवळही असावीत, असे मला वाटते.

तारखांविषयीची आपली शंका रास्त आहे. हे वेळापत्रक पूर्वी १० जून ते ३१ ऑक्टोबर असे. २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर असे आखडले आणि त्याच वर्षी मोसमी पाऊस २५ मे रोजीच दक्षिण कोकणात दाखल झाला. मात्र मुसळधार पावसात पुढचे नीट दिसेनासे झाले तर वेग ताशी ४० किलोमीटरवर आणण्याची जी सूचना चालकांना असते, तिचा आधार समोरचा पाऊस हा आहे, तारीख नव्हे. त्यामुळे मेअखेरीस गाडी रखडली, तर ती वेळापत्रकात न छापलेली सावधगिरी असू शकते.