वाचकांचे प्रश्न : सुभद्रेची नऊवारी आणि पणजोबांचा अंगरखा

प्रश्न : ताई, आमच्या कॉलेजने 'संगीत सौभद्र'मधले दोन प्रवेश बसवले. सुभद्रेला नऊवारी आणि चोळी दिली होती. परीक्षक म्हणाले, "महाभारतकाळात शिवलेली चोळी कुठून आली?" आणि वेशभूषेचे गुण गेले. प्राचीन भारतीय वेशभूषेवरचं एखादं अभ्यासाचं पुस्तक सुचवाल का? – एक विद्यार्थिनी, अमळनेर

उत्तर : पुस्तकं सांगतेच, पण आधी तुझी बाजू घेते. नऊवारी देऊन तू काहीच चुकीचं केलं नाहीस. 'सौभद्र' रंगभूमीवर आलं १८८२ साली. अण्णासाहेब किर्लोस्करांची सुभद्रा नावाला यादवांची लेक. तिचं रुसणं, तिचं लग्न ठरवताना मोठ्या भावाने चालवलेली जबरदस्ती, धाकट्याने त्यातून काढलेली वाट, हे सगळं त्या काळच्या मराठी घरातलं आहे. ती नेसली तीही मराठी घरातलीच साडी. म्हणजे तुला संदर्भ हवा तो महाभारतकाळाचा नाही, किर्लोस्करांच्या काळाचा. त्यासाठी कपाट उघडायचं ते रंगभूमीच्या इतिहासाचं.

अप्पाजी विष्णू कुलकर्णी यांचं 'मराठी रंगभूमी' १९०३ सालचं. किर्लोस्कर नाटक मंडळीचे प्रयोग पाहिलेली माणसं हयात असताना लिहिलेलं, म्हणून मला ते मोलाचं वाटतं. श्री. ना. बनहट्टींचा 'मराठी रंगभूमीचा इतिहास' जास्त शिस्तीचा. पुराव्याला पुरावा लावून पाहणारा. ही पुस्तकं वाचताना एक गोष्ट डोक्यात पक्की ठेव : सुभद्रा पुरुष करत होते. आधी भाऊराव कोल्हटकर, पुढे बालगंधर्व. लहानपणी आपल्या जळगावात गाण्याचे धडे घेतलेले तेच बालगंधर्व. चोळी बेतली जायची ती पुरुषाच्या खांद्यावर. जुने फोटो बघशील तेव्हा पदर खांद्यावरून कसा आणलाय, दंड कुठपर्यंत झाकलाय, दागिना नेमका कुठे येतो, हे बारकाईने बघ. आज तुमच्यातली मुलगी सुभद्रा करते, तेव्हा तो झाकण्याचा भाग तिला लागणार नाही. आणि ते फोटो बहुतेक स्टुडिओत, स्थिर उभं राहून काढलेले असतात. रंगमंचावर चालता-बसताना नऊवारी कशी पडते, ते तुला घरातल्या आजीकडूनच शिकावं लागेल.

आता प्राचीन वेशभूषा. पुढे कधी संस्कृत नाटक केलंस तर डॉ. मोतीचंद्रांचं 'प्राचीन भारतीय वेशभूषा' हिंदीत आहे, वाचायला जड जाणार नाही. गो. स. घुर्ये यांचं १९५१ सालचं भारतीय पोशाखावरचं पुस्तक इंग्रजीत आहे. समाजशास्त्रज्ञाने लिहिलेलं, त्यामुळे कोण काय नेसतं आणि का, हा प्रश्न ते सोडत नाही. रोशन अल्काझी स्वतः नाटकांची वेशभूषा करायच्या. शिल्पातली चुणी प्रत्यक्ष कापडात कशी आणायची, हे त्यांच्या प्राचीन वेशभूषेवरच्या पुस्तकातल्या रेखाटनांतून कळतं. शिवणाऱ्या माणसाने ते आधी बघावं. नाट्यशास्त्रातला आहार्य अभिनयाचा, म्हणजे वेशभूषा-रंगभूषेचा, अध्यायही चाळ. आवृत्तीनुसार तो एकविसावा किंवा तेविसावा येतो. पुस्त (रंगमंचावरच्या प्रतिकृती), अलंकार, अंगरचना (अंग रंगवणं) आणि संजीव (रंगमंचावरचे प्राणी) असे आहार्याचे चार प्रकार तिथे मांडले आहेत.

परीक्षकांच्या मुद्द्याचंही बघू. पुस्तकाआधी एकदा अजिंठ्याला जाऊन ये, जळगावहून फर्दापूर काही लांब नाही. पहिल्या लेण्यात महाजनक जातकाचं, म्हणजे बुद्धाच्या एका पूर्वजन्माच्या कथेचं, चित्र आहे. त्यातल्या नर्तकीच्या अंगात लांब बाह्यांचा, अंगाबरोबर बसणारा शिवलेला कपडा दिसतो. तिथेच राण्या मात्र जवळजवळ उघड्या अंगाने, नुसत्या दागिन्यांत. प्राचीन काळी शिवलेलं काहीच नव्हतं, असं सरसकट विधान त्या भिंतीसमोर उभं राहून कुणाला करता येणार नाही. कुणी घातलं आणि कुणी नाही, हा खरा अभ्यास.

प्रश्न : आमचे पणजोबा मेळ्यात काम करत. त्यांचा अंगरखा आणि पणजीचं जरीकाठी लुगडं घरात आहे. नाटकासाठी अंगरखा थोडा उसवून नातवाच्या मापाचा करावा म्हणते. शिंपी तयार आहे. – एक वाचक, पारोळा

उत्तर : कळकळीची विनंती, कात्री लावू नका. तो अंगरखा हेच तुमच्या घरातलं पुस्तक आहे, आणि त्याची दुसरी प्रत कुठेही नाही.

टेबलावर धुतलेली पांढरी चादर पसरा. अंगरखा तिच्यावर आडवा ठेवा. हँगरला लावू नका, खांद्याची शिवण वजनाने सुटते. टाचण्या टोचू नका. कापडी टेपने माप घ्या आणि आलेखाच्या कागदावर उतरवा : घेराला कळ्या (जोडलेल्या तिरक्या पट्ट्या) किती, बगलेत चौकोनी तुकडा आहे का, छातीवरची परडी (गोल कापाचा भाग) किती खोल, बंद कुठल्या बाजूला. बंदांची बाजू नीट नोंदवा. जुन्या जाम्यांत (लांब, घेरदार अंगरख्यांत) डावीकडे बांधणं हिंदूंचं आणि उजवीकडे बांधणं मुसलमानांचं अशी रीत होती, त्यामुळे तो तपशील नुसता शिलाईचा नसतो. कापडाचा मूळ काठ शिवणीत कुठे दडलाय तेही शोधा. जुने शिंपी कापड वाया घालवत नसत, पूर्ण पन्हा (कापडाची रुंदी) वापरत. दोन काठांमधलं अंतर मोजलंत की मागावरचा पन्हा हाती लागतो. टाका हाताचा की मशीनचा, ते उलट बाजूने दिसेल. ठिगळ असेल तर त्याचाही फोटो काढा.

इंग्लंडमध्ये जॅनेट अर्नोल्ड यांनी हेच काम केलं. संग्रहालयांतले जुने पोशाख मोजून त्यांचे आलेख छापले, पहिलं पुस्तक १९६४ साली आलं. कपडे तिकडचे असले तरी मोजायची पद्धत आपल्याला तशीच्या तशी उपयोगी पडते. आपल्याकडे अहमदाबादच्या कॅलिको संग्रहालयातल्या पोशाखांवर बी. एन. गोस्वामींचं १९९३ सालचं मोठं पुस्तक आहे. अंगरखे, जामे, चोगे त्यात बघायला मिळतात.

आलेख झाला की मांजरपाटाचा एक कच्चा अंगरखा शिवून नातवाच्या अंगावर बघा. बसतोय म्हटल्यावर चांगलं सुती कापड घ्या. ड्रेपरीवाल्याकडचं चकचकीत सॅटिन नको. आजच्या प्रखर दिव्यांत ते आरशासारखं चमकतं आणि नटाचा चेहरा मरतो. रंग निवडताना एक साल लक्षात असू द्या : पहिला कृत्रिम रंग, तोही जांभळा, इंग्लंडमधल्या विल्यम पर्किन या रसायनशास्त्रज्ञाने १८५६ साली शोधला. त्याआधीचा काळ दाखवायचा असेल तर आल या झाडाच्या मुळीचा लाल, निळीचा निळा, हळद-पळसाचा पिवळा यांच्या जवळ राहा.

लुगडं धुऊ नका. जुन्या मऊ मलमलीत गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका. डांबरगोळी जरीला लागू देऊ नका. वर्षातून एकदा उघडून घडी नव्या जागी घाला, नाहीतर जुन्या घडीवरच जर तुटते. लोखंडाच्या कसाने (रंग पक्का करणाऱ्या द्रावाने) काळा केलेला धागा सगळ्यात आधी जळतो. काठात काळं असेल तर तिथे हात हलका ठेवा.

प्रश्न : ही महागडी पुस्तकं खान्देशात बसून वाचायची कुठे? – एक हौशी दिग्दर्शक, शिरपूर

उत्तर : विकत घेण्याआधी विद्यापीठाच्या ग्रंथालयात आणि जळगावच्या व. वा. वाचनालयात चौकशी करा. तुम्हाला धुळं जवळ आहे. तिथे राजवाडे संशोधन मंडळ आहे आणि समर्थ वाग्देवता मंदिरातली हस्तलिखितं आहेत. कोणत्या काळाचं काय हवंय ते कागदावर लिहून न्या, मोघम विचारलंत तर मोघमच मिळेल. १८८० सालचं खान्देश गॅझेटिअर इंटरनेटवर फुकट वाचता येतं. आपल्याकडच्या जातीजमातींच्या राहणीची आणि पोशाखाची वर्णनं त्यात आहेत. लिहिणारे साहेबी नजरेचे होते, तेव्हा त्यांची मतं बाजूला ठेवा आणि कापडाची, रंगाची, दागिन्यांची नावं तेवढी उतरवून घ्या. ती यादी घेऊन गावातल्या म्हाताऱ्या शिंप्याकडे किंवा रंगाऱ्याकडे जा. त्यातल्या कितीतरी गोष्टी त्यांनी हाताळलेल्या असतात.