कढई उतरव, आईला बसव

प्रश्न : सुट्टीत मुंबईहून देवगडला घरी आलोय. बाबांनी दुपारी हौसेने 'मुघल-ए-आझम' लावला. मी पहिल्यांदाच बघत होतो, पण तासाभरात मला झोप लागली. तेव्हापासून बाबा तुटक बोलतात. आईचं काही नाही, ती आत गरे तळता तळता गाणी म्हणत होती. बाबांचा रुसवा कसा काढू?

उत्तर : अरे, झोपेचं काय घेऊन बसलास! १९७ मिनिटांचा सिनेमा, मे महिन्याचा घामटा आणि पोटात आमरस. कोणीही पेंगेल. बाबा गाल फुगवतील, मग विसरतील. माझं घोडं अडलं ते 'आईचं काही नाही' पाशी.

गरे कधी तळलेत का रे? तेलात मिठाचं पाणी शिंपडायचं, तडतड थांबली की झाऱ्याने उपसायचे, तोवर पुढचा घाणा तयार. कढई सोडून हलता येत नाही. म्हणजे शीशमहालातलं गाणं आलं तेव्हा ती आतच. कृष्णधवल सिनेमा तिथे एकदम रंगीत होतो, छतातल्या आरशाआरशात मधुबाला गिरक्या घेते. (बाबांनी २००४ ची रंगवलेली प्रत लावली असेल तर ती गंमत तशीही गेली.) आईने ते गाणं भिंतीपलीकडून ऐकलं आणि बरोबरीने म्हटलं. शब्द पाठ असणार, गाणी काय, रेडिओवरून घराघरात पोचली. सिनेमा १९६० साली मुंबईत मराठा मंदिरला लागला. पण आपल्याकडच्या बायकांना थेटरात कोण नेत होतं, ते मला सांगू नकोस. तिने तो कधी अख्खा पाहिलाय का, हे विचारलंस? विचारलं असतंस तर पत्रात आलं असतं.

त्यात दुर्गाबाई खोट्यांची जोधाबाई आहे. बाप-लेक एकमेकांवर उठलेत आणि ही मधे होरपळतेय. तो भाग तू घोरत काढलास. आणि तुमच्या घरातल्या जोधाबाईला 'ये गं, बस' म्हणून दोघांपैकी एकानेही हाक मारली नाही. मला तुझ्या बाबांचाही राग आलाय, हे त्यांना वाचून दाखव.

परत जायच्या आधी हा सिनेमा आईबरोबर बघ. पहिल्या पाटीपासून शेवटपर्यंत, कढई खाली उतरवून. लाईट गेली तर थांबा आणि जिथे राहिला तिथून लावा. मोबाईल माजघरात ठेव. मधला चहा बाबांनी करायचा. ते 'साखर कुठाय?' म्हणून आतून ओरडतील. आई उठायला लागली तर तिचा हात धर.