चैत्रपालवी आणि घरची बालवाडी : वाचकांचे प्रश्न

फाल्गुनाच्या अखेरीस शिशुवर्ग आवरते घेतात आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे पालक या सदराकडे एकच विचारणा निरनिराळ्या शब्दांत करू लागतात : आता सुट्टीत मुलांकडून घरी काय करून घ्यावे? या वेळच्या पत्रांतील काही प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. त्यांच्यामागची भूमिका आधीच सांगणे बरे. या वयात उपक्रमांची संख्या वाढवण्यापेक्षा एकच गोष्ट बदलत असताना पुन्हा पुन्हा पाहू देणे मुलाला कितीतरी अधिक शिकवते. त्यासाठी वसंताइतका सोयीचा ऋतू नाही, कारण या दिवसांत झाडे आठवड्याआठवड्याला रूप पालटत असतात.

प्रश्न : माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. शाळेने सुट्टीसाठी वर्कशीटचा जाडजूड गठ्ठा दिला आहे आणि अर्धे पान झाले की तो रडू लागतो. निसर्गात शिकवावे असे सगळे म्हणतात, पण आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. अंगण नाही. सोसायटीत एक आंबा आणि फाटकाबाहेर एक पिंपळ, एवढीच काय ती झाडी आहे. (एक आई, डोंबिवली)

उत्तर : एक आंबा आणि एक पिंपळ, एवढे साहित्य चैत्र-वैशाखाला पुरून उरेल.

पिंपळापासून सुरुवात करावी. फांदीच्या टोकाशी उलगडणारे पान आधी तांबूस-गुलाबी आणि उजेड आरपार दिसावा इतके पातळ असते, मग ते पोपटी होते, आणि पुढे काही आठवड्यांत गडद हिरवे व चिवट बनते. दोन-तीन दिवसांआड मुलाला त्या झाडाखाली न्यावे आणि खाली पडलेली पाने त्यालाच निवडू द्यावीत. घरी आल्यावर फरशीवर ती रंगाप्रमाणे ओळीने मांडायला सांगावे : सर्वांत कोवळे कोणते, त्यानंतरचे कोणते, सर्वांत जून कोणते? वस्तूंचा असा क्रम लावणे हा पुढच्या गणिताचा पाया आहे, आणि तो कागदावरच्या चित्रांपेक्षा हातातल्या पानांनी अधिक पक्का होतो. बोलता बोलता देठ, शीर, टोक, लुसलुशीत, खरखरीत हे शब्द आपल्या तोंडून सहज यावेत. ते त्याच्याकडून वदवून घेण्याची गरज नाही.

त्याच पानांचे ठसेही काढता येतात. पान उलटे ठेवावे, कारण शिरा मागच्या बाजूला उठून दिसतात. त्यावर पातळ कागद धरून मेणाचा खडू आडवा घासला की शिरांचे सगळे जाळे कागदावर उमटते. मोठ्यांच्या मदतीने करायचे आणखी एक काम आहे. एक-दोन जून पाने तीन-चार आठवडे पाण्यात बुडवून ठेवावीत आणि पाणी अधूनमधून बदलावे. त्याला वास येतो, म्हणून भांडे गॅलरीत ठेवलेले बरे. पानाचा गर सुटू लागला की तो मऊ ब्रशने हलकेच काढून टाकावा, म्हणजे जाळीदार पान हाती येते. चार वर्षांच्या मुलाला एवढी वाट पाहता येत नाही असे आपल्याला वाटते, परंतु रोज भांड्यात डोकावून "आज काय झालं?" असे विचारण्याची मोकळीक असेल तर त्याला ती उत्तम पाहता येते.

आंब्याकडे पाहताना मोहराच्या एका तुऱ्यावर लक्ष ठेवावे. तुऱ्यात फुले शेकड्यांनी असतात आणि शेवटी कैऱ्या टिकतात एखाद-दुसऱ्याच. बाकीच्या वाटाण्याएवढ्या, सुपारीएवढ्या होऊन गळतात. या गळलेल्या कैऱ्या गोळा करून लहान-मोठ्या लावाव्यात, दोऱ्याने त्यांचा घेर मोजावा आणि एकेका कैरीच्या मापाचा दोरा कापून कागदावर शेजारी शेजारी चिकटवावा. मोजपट्टी नसतानाही "ही हिच्यापेक्षा एवढ्याने मोठी" हे मुलाला दिसते. देठाचा चीक कातडीला लागला तर चुरचुरतो, म्हणून कैऱ्या धुऊन मगच हातात द्याव्यात.

आता वर्कशीटविषयी. साडेचार वर्षांच्या मुलाची बोटे पेन्सिल फार वेळ धरण्याइतकी तयार झालेली नसतात, त्यामुळे त्याच्या रडण्याला हट्ट किंवा आळस समजू नये. वाटाणे सोलणे, कणकेच्या गोळ्या वळणे, चिमटीने कपड्यांना क्लिप लावणे या कामांतून बोटांना जी ताकद येते तीच पुढे अक्षराला वळण देते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये ३ ते ८ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला असून या वयात शिकणे खेळातून आणि कृतीतून व्हावे असे स्पष्ट म्हटले आहे. शाळेशी बोलताना याचा आधार घेता येईल. गठ्ठ्यातील एखादे पान त्याने आनंदाने केले तर उत्तम, न केल्यास त्याचे काहीही नुकसान होत नाही, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहीत आहे.

प्रश्न : माझी साडेतीन वर्षांची नात पुण्याहून सुट्टीला आमच्याकडे येणार आहे. घराला लागून शेत आहे, पलीकडे माळ आणि ओढा आहे. तिला झाडांची आणि पक्ष्यांची नावे पाठ करून द्यावीत असा विचार आहे. कोठून सुरुवात करावी? (एक आजोबा, सातारा जिल्हा)

उत्तर : आजोबा, आपल्याजवळ जे आहे ते शहरातल्या पुष्कळ मुलांच्या वाट्याला येत नाही. विनंती एवढीच की, नावांची यादी करू नये. ज्या झाडाशी तिचे काही काम पडेल त्या झाडाचे नाव तिला आपोआप राहील.

सावरीचेच उदाहरण घ्या. या दिवसांत सावरीची बोंडे तडकतात आणि आतला रेशमी कापूस वाऱ्यावर निघतो. एक तडकलेले बोंड तिच्या हातात द्यावे आणि काही वेळ काहीच बोलू नये. ती आधी कापूस ओढेल, मग गालाला लावेल, आणि केव्हातरी तिला त्यात दडलेली काळी बी सापडेल. ती सापडल्यावर एक पुंजका बीसकट आणि एक बी काढून, असे दोन्ही वाऱ्यावर सोडावेत आणि कोणता लांब जाईल ते तिला आधी सांगायला लावावे. तिचा अंदाज चुकला तरी दुरुस्त करू नये, पुन्हा सोडून पाहू द्यावे. अंदाज करणे, करून पाहणे आणि अंदाज बदलणे हे विज्ञानाचे मूळ काम ती त्या बांधावर उभी राहून करत असते. नंतर तिला म्हातारी उडवण्याचा नाद लागला तर लागू द्यावा.

पक्ष्यांच्या बाबतीत डोळ्यांपेक्षा कानांपासून सुरुवात करणे सोपे जाते, कारण एवढ्या लहान मुलाला पानांत लपलेला पक्षी दाखवणे कठीण असते. कोकिळेची कुहू तिला लगेच नक्कल करता येईल. गाणारा तो नर असतो, काळाभोर आणि लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, ठिपक्यांची असते. तांबट दुपारच्या उन्हातही ठोके घातल्यासारखा एकसारखा टुकटुक करत राहतो. त्या ठोक्यांवर टाळ्या वाजवत मोजणे हा खेळ साडेतीन वर्षांच्या मुलाला फार आवडतो. मोजणी पाच-सहाच्या पुढे गेली नाही तरी चालेल.

करवंदे पिकू लागली की करवंद फोडून आत लाल निघाले तर कोंबडा, पांढरे निघाले तर कोंबडी, असा "कोंबडा की कोंबडी?" हा आपल्या लहानपणचा खेळ तिच्याशी अवश्य खेळावा.

येथे सावधगिरीचे चार शब्द लिहिणे भाग आहे. रुईचा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते, कण्हेरीचे सर्व भाग विषारी आहेत आणि गुंजा कितीही सुंदर दिसल्या तरी त्या मुलांच्या हाती देऊ नयेत. लहान बिया नाकाकानात घालण्याचे हे वय आहे, म्हणून चिंचोके, हरभरे यांचे खेळ मोठ्यांच्या नजरेसमोरच व्हावेत. ओढ्यावर आणि विहिरीकडे तिचा हात सुटता कामा नये.

परिसरातल्या वस्तूंनी शिकवण्याची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी बालवाडीचे काम सुरू केले, तेव्हा विकतची महागडी साधने मागवण्याऐवजी पाने, बिया, शिंपले, खडे यांनाच त्यांनी शैक्षणिक साहित्य बनवले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये त्यांनी हेच काम वाढवले. आपल्या माळावर त्याच साहित्याचा साठा पडलेला आहे.

प्रश्न : नागपूरच्या उन्हाळ्यात सकाळी दहानंतर मुलांना बाहेर काढणे शक्य होत नाही. आमची जुळी मुले पाच वर्षांची आहेत. घरात बसून मोबाइलशिवाय काय करता येईल? (एक वडील, नागपूर)

उत्तर : बाहेरचे काम सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी ऊन उतरल्यावर करावे आणि मधल्या वेळात त्या उन्हालाच घरात अभ्यासाचा विषय करावा.

दोन सारख्या वाट्यांत सारखे पाणी घ्यावे, पाण्याच्या पातळीवर खूण करावी, एक वाटी उन्हाच्या खिडकीत व दुसरी खोलीत सावलीला ठेवावी. संध्याकाळी मुलांनी स्वतः खुणा पाहाव्यात. जुळी असल्यामुळे एकेका वाटीची मालकी वाटून देता येईल आणि मग चर्चेला तोटा राहणार नाही.

बशीत ओला कापूस पसरून त्यावर अळीव पेरावे. दोन-तीन दिवसांत कोंब दिसतात, आणि बशी खिडकीजवळ असली तर ते उजेडाकडे झुकतात. बशी फिरवून ठेवली की पुन्हा वळतात. "त्यांना डोळे आहेत का?" असा प्रश्न हमखास येतो. त्याचे उत्तर घाईने देऊ नये. एका बशीवर खोके पालथे घालून काय होते ते पाहण्याचे मुलांनाच सुचू द्यावे.

हळदीचा प्रयोग तर प्रत्येक घरी व्हावा असा माझा आग्रह आहे. हळदीच्या पाण्याने कागद रंगवून वाळवावा आणि त्यावर कपड्यांच्या साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने चित्र काढू द्यावे. पिवळ्यावर लालसर तपकिरी रेघा उमटतात, आणि त्यांवर लिंबाचा रस लावला की त्या पुन्हा पिवळ्या होतात. कारण समजावण्याचे वय अजून आलेले नाही. साबणाने काय झाले आणि लिंबाने काय झाले, हे मुलांनी आपल्या शब्दांत आजीला सांगितले तरी पुष्कळ झाले.

सकाळच्या वेळेसाठी सावलीचा खेळ आहे. गच्चीवर मुलाला उभे करून खडूने त्याची सावली आखावी, आणि तासाभराने पायांच्या त्याच खुणांवर पुन्हा उभे करून नवी सावली आखावी. नागपुरात २६ मेच्या सुमारास माध्यान्हीला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्याबाहेर पडत नाही. पुण्यामुंबईत हा दिवस मेच्या मध्याला येतो. त्या दिवशी मुलांना उन्हात उभे न करता गच्चीवर एक डबा ठेवावा आणि दोन मिनिटांत पाहून परत यावे.

पाण्याच्या खेळात भरलेली बादली किंवा टब ठेवून क्षणभरही दुसरीकडे जाऊ नये.

प्रश्न : आम्ही म्युनिकला राहतो. मुलगी पाच वर्षांची आहे. आजी फोनवर तिला चैत्र, मोहर, कोकिळा असे सांगते आणि इथे मार्चअखेरपर्यंत थंडी असते. तिला वसंत कोणता शिकवावा? (एक आई, जर्मनी)

उत्तर : तिच्या खिडकीबाहेरचा शिकवावा, आणि तो मराठीतून शिकवावा. बर्फ वितळल्यावर जमिनीतून वर येणारे क्रोकसचे टोक, नंतरचे ट्युलिप, झाडांच्या फुगलेल्या कळ्या हे सारे तिला रोज दिसते. ते तिने आजीला मराठीत सांगावे आणि आजीने आपल्या अंगणातले सांगावे, म्हणजे तुलना आपोआप घडते. तिकडे एक गोष्ट अशी आहे जी महाराष्ट्रातल्या मुलाला इतकी ठळक दिसणार नाही : दिवसाचे वाढणे. २० मार्चच्या सुमारास दोन्हीकडे दिवस जवळजवळ १२ तासांचा असतो, पण जूनमध्ये म्युनिकला तो १६ तासांच्या आसपास जातो, तर पुण्यात १३ तासांच्या थोडाच पुढे. दर रविवारी सूर्य मावळताना तिने कॅलेंडरवर घड्याळाचे चित्र काढावे. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळे तासाने पुढे होतात, तेव्हा चित्र एकदम उडी घेईल, हे लक्षात असू द्यावे.

प्रश्न : आम्ही दोघेही नोकरी करतो. रोज फार तर पंधरा-वीस मिनिटे मिळतात, आणि तीही स्वयंपाकाच्या वेळची. मुलगी चार वर्षांची आहे. (एक आई, कोल्हापूर)

उत्तर : स्वयंपाकाचाच वेळ घ्यावा. चैत्रात पन्हे होतेच. उकडण्याआधी कैरी तिला हाताळू द्यावी, उकडून निवल्यावर पुन्हा द्यावी आणि काय बदलले ते विचारावे : रंग, कडकपणा, वास. गर तिने हाताने काढावा. गर एक वाटी असेल तर गूळ किती वाट्या, हे तिनेच मोजावे, आणि गूळ घालण्याआधी व नंतर चव घ्यावी. वेलदोडा कुटण्याचे काम तिला झेपते.

ज्या संध्याकाळी स्वयंपाक लवकर आटोपेल, त्या दिवशी उंबऱ्याजवळ खडूने चैत्रांगण काढावे. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत रोज एकच आकृती पुरे : एक दिवस सूर्य, एक दिवस कासव, मग गोपद्म, पाळणा, कैरी. उभ्या, आडव्या, वाकड्या रेघा आणि ठिपके, म्हणजे पुढच्या अक्षरांत येणारे सारे वळण, त्यात येते. आकृती आपण काढून तिला गिरवायला लावू नये. आपली एका बाजूला आणि तिची दुसऱ्या बाजूला असावी, आणि तिच्या कासवाला पाच पाय असले तर ते पुसू नयेत.