आजोबांच्या फोटोतल्या, दुसऱ्या महायुद्धातल्या नौदलाच्या टगबोटीची (दुसरी जहाजं ओढणाऱ्या बोटीची) माहिती अमळनेरात बसून कशी काढायची?

नावामागे लागू नका, आधी नंबर शोधा. आम्ही भुसावळवाले इंजिन नंबरानेच ओळखतो, तसंच हे. आजोबांच्या फोटोला भिंग लावा. बोटीच्या अंगावर 'डब्ल्यू' आणि पुढे आकडा दिसला, तर बहुधा ब्रिटिश टग. अमेरिकन असेल तर खोल समुद्रातली 'एटी', 'एटीए' किंवा बंदरातली 'वायटी'. यात एक गोची आहे: १५ मे १९४४ला बऱ्याच 'एटी'च्या 'एटीएफ' झाल्या, आकडा तोच. शोधताना दोन्ही टाकून बघा. अमेरिकन युद्धडायऱ्या (युद्धकाळातल्या नौदलाच्या रोजच्या नोंदी) तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या साइटवर फुकट वाचता येतात. ब्रिटिश कागद लंडनला क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात, नौदलाच्या कागदांच्या 'एडीएम १९९' मालिकेपासून सुरू करा. आणि टगचं काहीच सापडेना, तर तिनं ओढून आणलेल्या जहाजाचे कागद वाचा. मला तरी तीच वाट जास्त भरवशाची वाटते.